पायाखालचा थाइम

नर्सरीवाल्याकडे रोपांपेक्षा किस्सेच लवकर वाढतात. त्यातून आमची नर्सरी कोल्हारची, म्हणजे ऊस आणि पाटपाण्याच्या मुलखातली, आणि मी विकायला घेतला क्रीपिंग थाइम! जमिनीलगत पसरणारं, बारीक पानांचं, ओव्यासारख्या वासाचं रोप. त्याला लागते कोरडी जमीन आणि स्वस्थ बसणारा मालक. स्वस्थ बसणारा मालक आपल्याकडे कुठून आणायचा?

*

तिसगावचं एक गिऱ्हाईक कुंडी परत घेऊन आलं. रोप कुजलेलं.

"पाणी किती घालत होता?"

"लई न्हाई. सकाळ-संध्याकाळ."

"अहो, माती सुकल्यावर घालायचं!"

"सुकूच दिली न्हाई मी!"

*

राहात्याला एक रिटायर्ड सर आहेत. त्यांच्या पत्नीची, बाईंची, दृष्टी गेली. कुणी हात धरलेला त्यांना खपत नाही, म्हणून दिवसभर घरातच बसून. सरांनी बेत केला, दारापासून फाटकापर्यंत फरशीच्या फटींत थाइम लावायचा. पाय पडला की वास सुटेल, त्या वासावर बाई एकट्या चालतील. मी हो म्हणून बसलो आणि माझाच जीव टांगणीला लागला. रोज काही ना काही निमित्त काढून राहात्याला चक्कर!

*

आमच्या शालनमावशी खुरपणीत एक नंबर. त्यांना सरांच्या अंगणातलं कडेचं गवत काढायला सांगून मी चहाला गेलो. परत येतो तर थाइम लावलेल्या सगळ्या फटी रिकाम्या!

"बगा, कशी चकाचक केली फरशी!" मावशी खूश.

मी कपाळावर हात मारला. सगळं पुन्हा लावलं.

*

या वेळी रोपांनी मूळ धरलं. पण सरांकडे येणारा जाणारा थाइमला वळसा घालून मातीतून चालायचा. मी दूधवाल्याला म्हटलं, "अरे, बिनधास्त पाय दे!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "झाडावर पाय? तुमी नर्सरीवालेच हाय ना?"

*

शेवटी बाई दारात आल्या. चपला काढल्या. सर हात धरायला गेले, तो त्यांनी झटकला.

एक पाऊल टाकलं, वास घेतला, पुढचं टाकलं. मध्येच डावीकडे मातीत गेल्या. सर धावणार, तोच मी त्यांचा सदरा धरला. बाई थांबल्या, पाय मागे घेतला, पुन्हा वासावर आल्या.

फाटकाला हात लागला. त्यांनी कडी काढली. बाहेरून ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. मग मागे न वळताच म्हणाल्या,

"थांबलात कशाला? रस्त्यालाही लावा की आता!"