हणमंतरावांच्या बाटल्या

हैदराबाद राज्याची वाटणी होणार अशी चर्चा चालू होती, त्याच आषाढात हणमंतराव तापानं गेले. हैदराबादेत रेल्वेच्या मालगुदामातले साधे कारकून. मागं उरल्या पत्नी तारामती, आणि स्वैपाकघरातल्या फडताळात त्यांनी स्वतः केलेल्या वाइनच्या बाटल्या.

ही विद्या त्यांनी लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीतल्या रोझीबाईकडून घेतली होती. ती इंजिन ड्रायव्हरची बायको. नाताळासाठी घरीच मनुकांची वाइन करायची. हणमंतरावांनी पुढं जांभूळ, करवंद, बोरं, काही म्हणून सोडलं नाही. रविवारी संध्याकाळी दार लोटून दोघं बसायची. तारामती डोळे मिटून घोट घ्यायच्या आणि ते विचारायचे, "सांग, कशाची?" बाईंची जीभ कधी चुकली नाही.

नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला. ओळखीची निम्मी घरं बदली होऊन तिकडं निघाली. धाकटे दीर एकनाथराव नांदेडहून आले. फडताळ उघडून त्यांनी कपाळाला हात लावला.

"वैनी, तिकडं दारूबंदी येणार म्हणतात. हे सगळं ओतून टाका. पुढच्या महिन्यात न्यायला येतो."

त्या रविवारी तारामती बाटली ओतायला म्हणून मोरीत बसल्या. बूच काढलं तसा जांभळाचा वास आला. राहवलं नाही. एक घोट घेतला, आणि पाठीमागून अगदी स्पष्ट आवाज आला, "सांग, कशाची?"

त्यांनी वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. त्या पुटपुटल्या, "जांभळाची." आवाज थांबला.

पुढच्या रविवारी त्यांनी आपण होऊन दुसरी बाटली उघडली. भीती वाटत होती, तरी कान तिकडंच होते. करवंदाची, मग बोरांची. उत्तर दिलं की घर गप्प व्हायचं, आणि ते गप्प होणंच खायला उठायचं.

शेवटची बाटली मात्र ओळखेना. गडद, गोड, मागून किंचित आंबट. आवाज विचारतच राहिला. चूल पेटवताना, नळावर पाणी भरताना, "सांग, कशाची?" अन्न गोड लागेना. अखेर उरलेली बाटली पदराआड धरून त्या लालागुड्याला गेल्या.

रोझीबाईनं घोट घेतला, हसली, आणि एकदम तिचे डोळे भरले. "शहतूत है, माँ. मेरे आंगन के झाड के. आप कभी चखे नै करके साब लेके गए थे. बोले, इस बार बीवी को हरातूँ."

तुती! परभणीकडच्या त्यांच्या गावात कुणी ती पाहिलीही नव्हती. आषाढानंतर तारामती पहिल्यांदाच हसल्या, आणि हसता हसता रडल्या.

घरी येऊन चपला काढतात तोच आवाज आला. उत्तर जिभेवर होतं. पण ते सांगितलं की संपलं. फडताळात आता काही नव्हतं.

"मनुकांची का हो?" त्या म्हणाल्या.

आवाजानं पुन्हा विचारलं.

एकनाथराव न्यायला आले तेव्हा वैनींनी सामान बांधलंच नव्हतं.

"इथं कोण आहे तुमचं?" ते चिडून म्हणाले.

तारामतींनी त्यांना जेवायला बसवलं. भाकरी वाढता वाढता त्या थांबल्या, रिकाम्या कोपऱ्याकडं वळल्या आणि लाजत म्हणाल्या, "अननसाची असंल."

एकनाथरावांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी दुपारचीच गाडी धरली. नांदेडला चला, हे मात्र पुन्हा कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही.