सत्त्व लावलेली ठंडाई

ठंडाईचा वास मला अजूनही सहन होत नाही. बडीशेप आणि मिरे एकत्र वाटले की मी उठून अंगणात जाते. लोकांना वाटतं, नखरे आहेत. वाटू दे.

सत्तरचं दशक संपता संपता लग्न होऊन मी देवळीला आले आणि दोन-तीन वर्षांत वाळून चिपाड झाले. पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत. काढे झाले, अंगारे झाले. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की मला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, सगळं जन्मभर बंद. सासूबाईंनी हे ऐकून नाक मुरडलं. गहू म्हणजे पाहुण्यांचा मान. तो जिला सोसत नाही ती करंटीच.

रोजचं काही अडत नव्हतं. घरात ज्वारीची भाकर होतीच. अडायचं ते सणाला. पुरणपोळी, करंज्या, शेवयांची खीर, कुरडया. गव्हाशिवाय आमच्या देवांच्या घशाखाली जणू काही उतरतच नव्हतं. सगळे बोटं चाटायचे आणि मी वरणभात कालवत बसायची. “येवढीशी खाल्ली त काय होते?” असं कोणीतरी म्हणायचंच, आणि मला ते ताट उचलून फेकावंसं वाटायचं.

माझ्या वाट्याला सण यायचा तो फक्त पेल्यातून. कोजागरीचं आटीव दूध आणि धुळवडीची ठंडाई. दूध, बदाम, खसखस. गव्हाचा संबंधच नाही. धुळवडीला रंग धुऊन सगळे दुपारी ओसरीवर बसायचे, तेव्हा मीही त्यांच्यासारखाच स्टीलचा गिलास हातात घ्यायची. तेवढ्यासाठी मी सणाची वाट पाहायची.

आणि दर वेळी त्यानंतर आठवडाभर अंथरुणात. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणायचे, “बाई, खरं सांगा, काय खाल्लं?” मी काही खाल्लेलं नसायचं. ते कोणाला पटत नव्हतं. नवऱ्याने तर करंज्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली, माझा हात पोचू नये म्हणून. मोठ्या बाईमाणसाला चोर ठरवायची ही तऱ्हा. त्या डब्याकडे बघितलं तरी माझ्या तोंडाला कडू पाणी सुटायचं.

माझा दीर जहाजावर नोकरीला होता. एका होळीला तो घरी आला तो लुंगीत गुंडाळलेली एक तपकिरी बाटली घेऊन. सायीची गोड दारू होती ती, परदेशी. आमचा जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू सगळीकडे मिळायची, फक्त तिचं नाव घ्यायचं नाही. धुळवडीच्या दुपारी ठंडाईचे गिलास फिरत असताना त्याने ती ओसरीवर उघडली.

“वहिनी, घ्या थोडी. साय, साखर अन् दारू. गहू नाई यात.”

सासूबाईंनी आधी पदर नाकाला लावला, मग वाकून बाटलीत पाहिलं. “किती दाट हाये. मैदा लावला का रे?”

“नाई माय, नुसती साय हाये.”

त्यांना ते लागलं. “आपली ठंडाई बी काई पातळ नाई. सत्त्व लावतो मी. दुधाले बी लावतो कोजागरीच्या. अन् हिच्या गिलासात त एक चमचा वरून टाकतो. पोळी खात नाई थे, अंगात ताकद कुठून येईन?”

सत्त्व म्हणजे कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, धुऊन तळाशी बसतो तो पांढरा चीक, वाळवून ठेवलेला. लहान लेकरांना देतात. माझा गिलास अजून भरलेलाच होता, ओठाला लावला नव्हता.

“आई, पण सत्त्व गव्हाचंच ना?”

“गहू कुठी रायला त्यात? गव्हाचा चोथा त गाईनं खाल्ला.”

ओसरीवरच्या एकालाही यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. नवऱ्याने मान डोलावली आणि आपला गिलास संपवला. मला शिसारी आली. त्या ठंडाईची, त्या मायेची, मी जुलाबाने लोळत असताना फळीवर चढवलेल्या त्या डब्याची.

मी गिलास मोरीत ओतला, घासून धुतला आणि दिरापुढे धरला. त्याने ओतली. चव म्हणाल तर शिळ्या बासुंदीत खोकल्याचं औषध कालवल्यासारखी. घशाला चिकटून बसली, ओकारी आली. तरी सगळ्यांच्या देखत मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. डॉक्टरांना पुढे विचारलं तर म्हणाले, जवही तुम्हाला गव्हासारखाच बाधतो, पण असली दारू जवाची असली तरी वाफेवर गाळताना बाधणारं मागेच राहतं. खरंच, त्या आठवड्यात पोटात साधी कळ आली नाही.

मला वाटलं, आता तरी यांना कळेल. कळलं ते एवढंच की सून दारू पिते. गल्लीत झालं, माहेरी पोचलं. सत्त्वाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या दिवाळीला करंज्यांचा डबा नेहमीसारखा फळीवर चढला. दिराची उरलेली बाटलीही नवऱ्याने त्याच्याच शेजारी नेऊन ठेवली, माझा हात पोचणार नाही अशी. दोन्हींतलं मला काहीच नको होतं.