चकलीचा धार्मिक अर्थ

चर्चच्या पाळकाच्या पोटात लोकांची गुपितं साठतात, असा समज आहे. लोकांची मी विसरतो हो. साठतात ती स्वतःची. बहुतेक बोर्डिंग स्कूलमधली.

शाळा इंग्लंडमधली, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आणि बहुधा तेव्हापासूनच गार. ऐंशीच्या दशकात बाबांनी मला तिथे घातलं. ते साउथहॅम्प्टनला डॉक्टर होते. पहिल्याच शनिवारी हेडमास्तर अदबीने म्हणाले, "विजय, उद्या चॅपलमध्ये रविवारच्या प्रार्थनेला नाही आलास तरी चालेल. तुमच्या हिंदू धर्माचा आम्ही मान राखतो."

आम्ही नगरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. पण रविवारी झोपायला मिळणार होतं. मी म्हणालो, "थँक यू, सर."

*

झोप कसली! त्या वेळात मला लायब्ररीत बसवायचे. अख्ख्या शाळेत हीटिंग धड चालायचं ते फक्त चॅपलमध्ये. पोरं उपासनेहून गुलाबी गालांनी परतायची, तेव्हा मी ओव्हरकोटात कुडकुडत भूगोल वाचत असायचो.

*

मग जेवण. हिंदू म्हणजे बीफ बंद, हे ओघानं आलंच. किचनमधल्या बाईंनी प्रेमापोटी चिकन आणि अंडीही बंद केली. सगळे बीफ भरलेला गरमागरम 'स्टेक पाय' हाणायचे, मी उकडलेली गाजरं. खरं सांगितलं तर शाळा घरी फोन करणार, आणि बाबा चर्चच्या कमिटीवर. त्या वर्षांत मी मनापासून केलेली प्रार्थना एकच: बाबांना कळू नये.

*

दिवाळीत तर मला असेंब्लीत बोलायला उभं केलं. माझी दिवाळी म्हणजे लंडनच्या पिनर भागातल्या, ओळखीच्या जोशीकाकूंकडचा फराळ. दहा मिनिटं भरायची होती, म्हणून चकलीला मी धार्मिक अर्थ दिला. वेटोळं म्हणजे जन्ममरणाचा फेरा, काटे म्हणजे पापं. हेडमास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं वर्गात शिकवलं.

*

नव्वदच्या दशकात मला पाळकपदाची दीक्षा मिळाली. हेडमास्तर आता म्हातारे झालेले, तरी मुद्दाम आले. विधी संपल्यावर त्यांनी माझ्यादेखत बाबांचा हात धरला.

"डॉक्टर, मुलानं तुमचा हिंदू धर्म सोडला. थोडा दोष आमच्या शाळेचाही आहे. तुम्हाला फार लागलं असेल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाबांना खोटं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि आम्ही उभे होतो चर्चमध्ये.

"सुरुवातीला लागलं," बाबा त्यांना म्हणाले. "आता सवय झालीय."