कोकराचा पत्ता

"ते कोकरू काढा," पुण्याचे क्लायंट कॉलवर म्हणाले. "डेड कार्ड आहे. खेळणारे वैतागतात."

मी साताऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मोबाइल गेमच्या गोष्टी लिहिते. त्याआधी वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आमचा चालू गेम डेकबिल्डिंगचा. म्हणजे सुरुवातीला थोडे साधे पत्ते मिळतात, वाटेत नवे मिळवायचे, नको ते टाकायचे. गेममधल्या प्रत्येक दिवशी गड्डीतून पाच पत्ते येतात आणि तेवढ्यावर दिवस काढायचा. आमच्या गेममध्ये आटपाडीकडचं एक धनगर कुटुंब मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मुलखाला निघतं. कुत्रा, घोडा, घोंगडी, पीठ, प्रत्येकाचा पत्ता आहे. वाटेत एक मेंढी विते आणि कोकराचा पत्ता गड्डीत शिरतो. तो काही कामाचा नाही, पाचातली एक जागा मात्र अडवतो. शेवटच्या टप्प्यात त्याची मेंढी होते.

नुसत्या पत्त्यांत निकामी पत्ता टाकताना कुणाला काही वाटत नाही. त्याला गोष्ट असली की हात अडतो. लोक असे गेम पुन्हा पुन्हा खेळतात ते त्या अडलेल्या हातासाठी. हे मी क्लायंटना सांगितलं.

"मॅडम, टेक्स्ट कुणी वाचत नाही. एक बटन द्या, 'कोकरू सोडून द्या'. शुक्रवारी बिल्ड पाठवा." बिल्ड म्हणजे तपासायला द्यायची गेमची प्रत.

"होऊन जाईल सर," आमचा बॉस निखिल म्हणाला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "हिराक्कांना काय सांगू?"

"कशाला सांगताय, ताई? एक बटन तर आहे."

इथे माझं डोकं फिरलं. हिराक्कांचं कुटुंब आजही मेंढरं घेऊन फिरतं. गेममध्ये मेंढरांना हाका मारणारा, कुत्र्याला झापणारा आवाज त्यांचा आहे. त्यांची अट एकच होती, "आमच्या नावावर खोटं घालू नका." शब्द मी दिला होता, निखिलने नाही.

बुधवारी मी कुंडलला गेले. ऊस तुटलेल्या एका रानात त्यांची मेंढरं बसवली होती. मी फोनवर बटन दाखवलं.

"ह्ये दाबलं की काय हुतं?"

"कोकरू मागं सोडून पुढं जायचं."

"आमी सोडतो म्हणून कुणी सांगितलं?"

"पुण्याच्या साहेबांनी."

"त्यास्नी किती मेंढरं हायती?" त्या हसल्या नाहीत. "मग माझा आवाज काढा त्यातनं."

मी मान खाली घालून फोन बंद करणार, तेवढ्यात त्यांनी परत मागितला. पडद्यावर मेंढरांमागून चालणाऱ्या कोकरावर बोट ठेवलं.

"तसं तुमचंबी चुकलंच, बाई. एका दिसाचं कोकरू चालवत न्हेत्यात व्हय?"

त्यांनी घोड्याकडे बोट केलं. अंथरुणं, भांडी आणि जाळीची झोळी. झोळीतून दोन कोकरांची तोंडं बाहेर.

"आणि जागा पुरली नाही तर?"

"मग भांड्याचं गठुडं माझ्या डोक्यावर. कोकरू न्हाई उतरत."

आमच्या गेममधला घोडा फक्त पीठ आणि भांडी वाहत होता. तीन महिने मी खुर्चीत बसून लिहीत होते. हिराक्कांचा आवाज साताऱ्याला एसी खोलीत रेकॉर्ड केला, पण घोड्यावर काय काय असतं हे विचारलं नव्हतं. क्लायंटवरचा राग त्यामुळे कमी झाला नाही. त्यात स्वतःवरचा रागही मिळवावा लागला.

गुरुवारी नियम बदलला. कोकरू घोड्यावर चढवता येतं, मग ते पाचातली जागा अडवत नाही. पण घोड्यावरचं काहीतरी उतरवावं लागतं: पीठ, घोंगडी नाहीतर भांडी. बटन दिलं नाही.

आमच्याकडे शेजारचे एक निवृत्त सुभेदार गेम तपासायला येतात. त्यांनी पीठ उतरवलं. कुटुंब उपाशी राहिलं, डाव हरला. पुन्हा पीठच उतरवलं, पुन्हा हरले.

"ह्याला टाकायचं बटन कुठाय?" त्यांनी विचारलं.

"दिलेलं नाही."

"बरं केलं. असतं तर मी दाबलं असतं, आणि मग परत खेळायला बसलो नसतो."

निखिल मागे उभा होता. त्याने शुक्रवारी तीच बिल्ड पाठवली. सोमवारी क्लायंट खुशीत होते. "मी म्हणालोच होतो, त्या कार्डमध्ये प्रॉब्लेम आहे. पकडला की नाही?" मी म्यूटवर होते, ते सगळ्यांच्याच सोयीचं झालं.

हिराक्कांचा आवाज राहिला. त्यांचं नाव गेमच्या शेवटी 'आभार'मध्ये होतं, ते मी 'लेखन'मध्ये माझ्या वर घेतलं.

आता आमच्याकडे एक नियम आहे. ज्याने पत्ता लिहायचा, त्याने आधी जाऊन ती गोष्ट डोळ्यांनी बघायची. क्लायंटना तो लागू नाही. त्यांना फोन करता येतो, तेवढं ज्ञान पुरेसं धरलं जातं.