पेट्रोल की डिझेल

जर्मनीत र्युसेल्सहाइमजवळ जुन्या गाड्यांच्या यार्डात ते गृहस्थ मला एकदाच भेटले. पुण्याचे, आणि प्रत्येक विधानाआधी घसा साफ करणारे. मी मराठी आहे हे कळताच त्यांनी लॅपटॉप उघडून समोरच्या दोन अवजड अमेरिकन पिकअप ट्रकांचा तक्ता दाखवला.

"डिझेल चढावर जोर देतं. पेट्रोल स्वस्त पडतं, दुरुस्तीही सोपी. आठ महिने अभ्यास चालू आहे."

"आणि माझे आईबाबा पुढच्या आठवड्यात येतायत," शेजारून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "कॅराव्हॅन, ते चाकांवरचं घर, मागे ओढत आल्प्सला नेतो, असा शब्द दिलाय यांनी."

अखेर त्यांनी डिझेलवर बोट ठेवलं. म्हाताऱ्या विक्रेत्याने शांतपणे त्यांचं लायसन्स मागितलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"हे साध्या कारचं आहे, साडेतीन टनांपर्यंतच्या. यावर यातला एकही ट्रक चालवता येणार नाही. कॅराव्हॅन तर दूरच. आधी परीक्षा द्या."

"अहो, आठ महिने इंजिनांचीच परीक्षा घेत बसलात!" पत्नी म्हणाल्या.

गृहस्थांनी घसा साफ केला. मग पेट्रोल आणि डिझेलच्या शेजारी तिसरा रकाना आखून त्यात लिहिलं, 'रेल्वे'. आणि खाली तिचे तोटे मांडायला घेतले.