कपाटातला पटेल

सुशीलाच्या भाच्याचा, मिलिंदचा, फोन आला तेव्हा माझे हात पिठानं भरलेले होते. कोपरानं फोन कानाशी दाबून धरला. "मावशी, आत्या गेली. झोपेतच गेली. तुमी निघा," एवढंच तो बोलला. मी तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले आणि नार्नूरच्या स्टॅंडवर जाऊन आदिलाबादच्या बसमध्ये बसले. लोकांना वाटेल मी रस्ताभर रडले असेन. पण बस घाट उतरायला लागली आणि मला चक्क हसू आलं. शेजारी बसलेल्या लमाणी बाईनं आपलं गाठोडं जरा पलीकडे सरकवलं. तिला काय सांगणार? की जिच्यासोबत मी बारा-तेरा वर्षं एका घरात काढली ती बाई वारली, आणि मला आठवतोय तो एक उंदीर... सुशीला असती तर म्हणाली असती, "मंदे, तुह्यं डोस्कं फिरलं काय वं?" आणि मनातून खूश झाली असती.

आम्ही दोघी नार्नूरच्या मराठी शाळेत शिकवत होतो. ती भीमपूरकडच्या एका बौद्ध शेतमजुराची लेक, आणि मी त्याच पट्ट्यातल्या कुणब्याची. आमच्या घरी कापूस-ज्वारी भरपूर, वडलांना गाव 'पटेल' म्हणायचं. गावात दोन चांगल्या खोल्या मिळणं कठीण, म्हणून आम्ही एकाच घरात बिऱ्हाड केलं. चूलही एकच. माझ्या काकूला हे शेवटपर्यंत पचलं नाही. "वर्गात सोबत शिकवा ना, पण जेवाले काऊन सोबत बसता?" असं ती मला तोंडावर विचारायची. सुशीलाला हे कळलं तेव्हा तिनं काकूसाठी मुद्दाम करंज्या करून पाठवल्या, आणि काकूनं त्या कोणी केल्या हे न विचारता सगळ्या फस्त केल्या! सुशीला अशी होती. भांडायचं असलं तरी ती आधी काहीतरी करायला घ्यायची. वाकलेला खिळा ती दगडावर ठोकून सरळ करून ठेवी, सुतळीचा तुकडा फेकू देत नसे, आणि शाळेतल्या मोडक्या खुर्च्या हेडमास्तरांच्या आधी तिला दिसत.

मग एके दिवशी आमचे विज्ञानाचे सर बदली होऊन वरंगलला निघाले. तेलुगू माणूस, भला. त्यांच्या मुलींनी हैदराबादहून हौसेनं एक प्राणी आणला होता, तो आता नको झाला होता. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून त्यांनी तो आमच्या दारात आणला. मी खोक्यात डोकावले आणि किंचाळून मागे झाले. सर मला समजावत होते, "एलुक कादु, मॅडम, हॅमस्टर!" म्हणजे उंदीर नव्हे म्हणे. शेपूट आखूड, रंग सोनेरी, म्हणून काय उंदीर नव्हे? आमच्या घरी पोत्यांच्या थप्पीशेजारी झोपताना लहानपणी माझ्या मानेवरून उंदीर गेला होता. तेव्हापासून मला त्या जातीचं नावही सहन होत नसे. सर गेले, खोकं राहिलं. मी सुशीलाला स्वच्छ सांगितलं, "हा राहील नाहीतर मी. रविवारपर्यंत मी दुसरी खोली पाहते." आणि मी हे नुसतं धमकावायला बोलले नव्हते, शाळेच्या शिपायाला खोली बघायलाही सांगितलं होतं. सुशीलानं खोकं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. ती अशी कामाला लागली की मला तिची धास्ती वाटायची.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ही बाई कपाटासमोर पालथी पडून शाळेच्या लाकडी पट्टीनं माप घेत होती. हे सागवानी कपाट म्हणजे तिचा जीव की प्राण. पहिली नोकरी लागल्यावर तिनं ते उटनूरच्या सुताराकडून करून घेतलं होतं. वरच्या भागाला काचा, तिथं पुस्तकं. खालच्या भागाला दोन दारं, तिथं तिच्या साड्या आणि पांघरुणं. मी कधी त्यावर चहाचा कप टेकवला तर घर डोक्यावर घ्यायची. तिच्या साड्यांचं गाठोडं बांधून खाटेखाली गेलं, आणि रविवारी सकाळी ती सुताराकडून मागून आणलेल्या गिरमिटानं त्याच कपाटाच्या पाठीला भोकं पाडत होती. लाकडाचा कीस खाली पडत होता आणि प्रत्येक भोकाला ती स्वतःच "अगाई" म्हणत होती. मी विचारलं, "हे काय चालवलंयस?" ती मान वर न करता म्हणाली, "याचं घर करून राह्यली. दारं लावली का तुले थो दिसन नाई, त्याले तू दिसशीन नाई. मंग तं राहशीन ना?" मला ओरडायचं होतं. पण मी केरसुणी आणून खाली पडलेला कीस गोळा करायला लागले. शिपायाला मी त्याच संध्याकाळी निरोप पाठवला की खोली नको.

घर कसलं, बंगलाच होता तो! दारांच्या आत तिनं बारीक जाळीची एक चौकट बसवली, म्हणजे दार उघडलं तरी प्राणी बाहेर यायला नको. मध्ये फळी टाकून दोन मजले केले. वर-खाली जायला बांबूचं नळकांडं. तेलाचा डबा कापून, ठोकून तिनं त्याचा ट्रे केला, तो खालून सरकवून काढता येई आणि घाण साफ करता येई. पाण्यासाठी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून सलाईनची नळी. फिरायच्या चाकाला पावडरच्या डब्याचं झाकण आणि सायकलची तार लागली. हे चाक इतकं करकरायचं की शेवटी मीच खोबरेल तेलाची बाटली आणून दिली. अंथरूण म्हणून मागच्या परीक्षेचे पेपर फाडून घातले. ती म्हणे, "पोरायनं यात जे लिवलं हाय, त्याचा कोणाले तरी उपेग व्हावा." आत तीन खोल्या होत्या, एक निजायची, एक दाण्याची आणि एका कोपऱ्यात मोरी. मी म्हटलं, उंदराला एवढ्या खोल्या कशाला? तर ती फळीला खिळा ठोकता ठोकता म्हणाली, "बिळात अशाच असतात. मी पायल्या हायेत."

मग तिनं सांगितलं. दुष्काळाच्या सालात तिच्या घरी खायला काही नसायचं. ज्वारी निघाली की रानातल्या उंदरांनी बिळांत कणसं साठवलेली असत. तिची आई आणि ही, सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बांधाबांधानं ती बिळं खणायच्या. कुठली वाट खोटी, कुठली कोठाराकडे जाते, हे तिला माती पाहूनच कळायचं. कधी कधी एका बिळात ओटीभर दाणे निघत. "आई थोडे दाणे परत टाके आत. म्हणे, त्यायच्याबी घरी लेकरं हायेत." हे ती हसत सांगत होती. आमच्या घरी उंदीर म्हणजे चोर. तिच्या घरी उंदीर म्हणजे ज्याच्या घरी दाणा आहे असा एकमेव माणूस. आणि ते बांध, ती ज्वारी कुणाची? आमच्यासारख्यांचीच. तिनं माझा चेहरा ओळखला. "तुह्या बापाची जवारी उंदरानं नेली, उंदराची मी नेली. म्हंजे आपण सोयऱ्याच झालो नाई काय?" आणि उंदराकडे हात करून, "मीठ खाल्लं हाय मी याच्या जातीचं. याले बाहेर कशी काढू?" तेवढ्यात त्या पठ्ठ्यानं दोन्ही गालांत ज्वारी कोंबली आणि आपल्या कोठारात नेऊन टाकली. सुशीला टाळी वाजवून म्हणाली, "कोठार भरलेलं, गाल फुगलेले, अन् कोणाले एक दाणा देत नाई. पटेलच हाय हा!" मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. पण नाव पडलं ते पडलंच.

त्या डिसेंबरात ती ट्रेनिंगसाठी आदिलाबादला गेली आणि पटेलाला माझ्या हवाली करून गेली. मी चिमट्यानं दाणे टाकायचे, तेही तोंड फिरवून. पाठीमागच्या भोकांवर पोतं टाकायचं, तेही टाकलं. पण आमच्याकडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांनाच ती कळेल. ती यायच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर चाक बंद, दाणे तसेच. चिमट्यानं हलवलं... हालचाल नाही. आणि मला काय झालं कोण जाणे, मी चिमटा टाकला आणि त्याला हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा! लाकडासारखा ताठ, गार. मी त्या उंदरासाठी ओक्साबोक्शी रडले. रुमालात गुंडाळलं, लिंबाच्या झाडाखाली खुरप्यानं खड्डाही केला. पण पुरणार तोच मनात आलं, हिच्याशिवाय कशी माती द्यायची? आपल्याकडे जवळचं माणूस पोचेपर्यंत माती थांबवतात. मग मी रुमाल मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिले. घरमालकीण येऊन विचारून गेली, कोण गेलं? मी म्हटलं, पटेल. ती बिचारी माझ्या वडलांचं समजून गळ्यातच पडली.

दुपारच्या बसनं सुशीला आली. मी रडत रुमाल पुढे केला. तिनं तो उघडला, पोटाला अंगठा लावला, कानाशी धरला आणि म्हणाली, "कोणं सांगतलं तुले मेला म्हणून? थंडीनं निजला हाय लेकाचा." दोन्ही तळव्यांत घेऊन ती त्याला हळूहळू चोळत राहिली, चुलीच्या उबेला बसून, फुंकर घालत. मला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण बऱ्याच वेळानं एक मिशी हलली. मग नाक. मग पटेलांनी जांभई दिली! आम्ही दोघी अशा ओरडलो की घरमालकीण पुन्हा धावत आली. या वेळी मात्र ती चिडून गेली. त्यानंतर पटेल माझ्या पदरात बसून शेंगदाणे खायचा. कपाटाची दारं दिवसभर उघडी असायची.

पटेल पुढे म्हातारा होऊन गेला, तेव्हा आम्ही सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा तपासून मगच त्याला लिंबाखाली ठेवला. नंतर सुशीलाची बदली तिच्या गावाकडे झाली. कपाट भावाच्या घराच्या दारातून आत जाईना, म्हणून ते माझ्याकडेच राहिलं. आजही त्याच्या खालच्या भागात दोन मजले आहेत. माझ्या साड्या मी खाटेखाली गाठोड्यात ठेवते.

तिच्या गावी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. मला वाटलं होतं, सगळं आटोपलं असेल. सख्खा भाऊ, भाचे, सगळे तिथंच होते, थांबायचं कुणासाठी? पण अंगण भरलेलं होतं, आणि ती मध्ये पांढऱ्या कापडात तशीच होती. मी आत शिरले तशी तिची म्हातारी भावजय लोकांना म्हणाली, "सरका बरं. तिचं माणूस आलं." मग मला रडू आलं. मी जवळ बसले आणि तिचा हात हातात घेतला. गार होता. मला सगळं कळत होतं, मी काही खुळी नाही. तरी माझे तळवे आपोआप चालायला लागले. मी तो हात चोळत राहिले, चोळत राहिले. कुणी मला अडवलं नाही. शेवटी एका पोरीनं हळूच विचारलं, "मावशी, हात काऊन चोळून राह्यल्या?" तेव्हा मी सांगितलं. खोकं, गिरमिट, पटेल, रुमाल, घरमालकीण, सगळं. आधी मिलिंद हसला, मग भावजय, मग ते अख्खं अंगण. तिच्यापाशी बसून लोक डोळे पुसत हसत होते. हसणं ओसरलं तरी हात गारच होता. मी तो कापडाखाली नीट ठेवला आणि मिलिंदला म्हणाले, "चला आता."