‘बघू’ न म्हणणाऱ्या तांडेल मॅडम

तांडेल मॅडमना ‘बघू’ हा शब्द चालत नसे. वर्गात नाही, स्टाफरूममध्ये नाही, मासळी बाजारातही नाही. मी तलासरीच्या आमच्या शाळेत मराठी शिकवायला लागले ते २०१४ साली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "स्मिता, शनिवारी माझा तास घेशील?" मी सवयीनं म्हटलं, "बघू मॅडम." त्यांनी हातातला डबा खाली ठेवला. "हो म्हण, नाहीतर नाही म्हण. मला राग येणार नाही. पण बघू म्हणू नकोस." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी घाबरून हो म्हणून टाकलं. त्या शनिवारी माझ्या नणंदेचा साखरपुडा होता, हे मला घरी गेल्यावर आठवलं.

मॅडम गणित शिकवायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा फार पूर्वी समुद्रात गेलेला, राहायला डहाणूच्या मसोलीत. आणि शाळा सुटली की ही बाई घरी जाऊन कॉम्प्युटरवर रोल प्लेइंग गेम खेळायची. म्हणजे ज्यात आपण एखादं पात्र व्हायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं आणि आपण जे उत्तर निवडू तशी गोष्ट पुढे सरकते, तसले खेळ. मुलगा शेखर या खेळांपायी वाया जाईल म्हणून लक्ष ठेवायला त्या त्याच्या शेजारी बसू लागल्या. शेखर नोकरीला बडोद्याला गेला, खेळ मॅडमकडे राहिले. मग त्या खेळांवर ब्लॉग लिहायला लागल्या, चक्क मराठीत. शुद्धलेखन तपासायला मजकूर माझ्याकडे यायचा, आणि ऱ्हस्व-दीर्घ करता करता चांगला रिव्ह्यू कशाला म्हणतात हे माझ्याही डोक्यात शिरायला लागलं.

एकदा मी एका खेळाची चित्रं बघून म्हटलं, "काय सुंदर आहे, याचं कौतुक लिहा ना." मॅडम म्हणाल्या, "सुंदर आहे हे जाहिरातवाला सांगतोच की. मला तू हे सांग, पहिल्या गावात मी एका म्हातारीला फसवलं, ते पुढच्या गावात कुणाला कळलं का? नाही ना? मग मी तिथे नुसती फिरून आले." अर्ध्यावर सोडलेल्या खेळाबद्दल त्या अवाक्षर लिहीत नसत. आधी तो संपवायचा, मग उलटी उत्तरं देऊन पुन्हा खेळायचा, मग लेखणी. शेवट फोडायचा नाही, पण शेवटी खेळणाऱ्याच्या कष्टाचं चीज होतं का, ते सांगायचं. आणि गुण द्यायचे नाहीत. "मार्क मी दिवसभर देतेच. ज्याच्याकडे एकच रविवार रिकामा आहे त्याला घे किंवा नको घेऊ एवढं सांगता आलं पाहिजे, आणि का ते पटवता आलं पाहिजे."

हे सगळं मला कौतुकाचं वाटत होतं, जोवर पाळी माझ्या घरावर आली नव्हती.

माझा नवरा नीलेश बोईसरची नोकरी सोडून घरी बसला होता तो असाच एक खेळ बनवायला. आपल्याच किनाऱ्यावरचं एक गाव, आपण त्यातले तरुण नाखवा, आणि सगळी बोलणी मराठीत. तीन वर्षं माझ्या पगारावर घर चाललं. सासूबाईंचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते रात्री बंद व्हायचं. शेवटी मुंबईची एक कंपनी खेळ बाजारात आणायला तयार झाली, पण म्हणाली, मराठीत असल्या खेळांवर नेमानं लिहिणाऱ्या तुमच्याकडच्या तांडेलबाई काय म्हणतात ते आधी पाहू. मी दुसऱ्याच दिवशी मॅडमना गाठलं. "चांगलं लिहाल ना?" त्या म्हणाल्या, "नाही. खरं लिहीन."

मग जो काळ गेला तो वैऱ्यावरही येऊ नये. डहाणू रोडहून तलासरीला आम्ही एकाच एसटीनं जायचो, एकाच बाकावर. मॅडम खिडकीशी, मी शेजारी. मुलांच्या चाचण्या, बोंबलाचे भाव, सायवन गावातल्या कुणाच्या मुलीचं लग्न, सगळ्यावर बोलायच्या, फक्त खेळावर नाही. मी त्यांचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचे. संध्याकाळी नीलेश दारातच उभा असायचा. "काही बोलल्या?" मी नाही म्हणून मान हलवायची. तो आत जाऊन पुन्हा तीच स्क्रीन उघडून बसायचा.

एका सकाळी बस सुटल्या सुटल्या मॅडम म्हणाल्या, "लिहिलंय. आज टाकते. कंपनीला आवडणार नाही."

मी त्यांच्याकडे वळले. "काय चुकलं?"

"खेळात एक बाई आपल्या दाराशी येते बघ. म्हणते, माझ्या माणसाची बोट परतली नाही, शोधायला जाल का? त्याला उत्तरं दोनच ठेवलीत. हो आणि नाही. आपल्याकडे दारात आलेल्या बाईला कुणी नाही म्हणतं का? बघू म्हणतात. ते कुठंय?"

माझा तोल गेला. आजूबाजूला सगळी ओळखीची माणसं, पण मी आवाज चढवला. "मॅडम, त्यानं तुमच्याकडे बघूनच तसं केलंय. तुम्हाला आवडेल म्हणून. जन्मभर लोकांच्या तोंडातून तुम्ही तो शब्द काढून घेतलात, आणि आता तो नाही म्हणून माझ्या नवऱ्याची तीन वर्षं पाण्यात घालणार? कमाल आहे तुमची."

आशागडला शाळेची पोरं चढली. ती मागे सरकेपर्यंत मॅडम थांबल्या. मग खिडकीबाहेर बघत, रोजच्याच आवाजात बोलायला लागल्या. "शेखरच्या बाबांची बोट आली नाही तेव्हा मी चुलत दिरांकडे गेले गो. दुपारची भरती होती. त्यांची बोट खाडीत उभी, डिझेल भरलेलं. म्हटलं, भाऊ, शोधायला जाता का? ते म्हणाले, बघू. मला वाटलं, जातील. मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. जावेनं चहा दिला, तोही प्यायले. तेवढ्यात ओहोटी लागली. मग खाडीतून कुणाचीच बोट निघेना."

कंडक्टर आला, मी दोघींची तिकिटं काढली.

"माणूस वाईट नव्हता. वारा होता, घाबरला असेल. पण तोंडावर नाही म्हणाला असता ना, तर मी उठून दुसऱ्याच्या दारात गेले असते. पुढे चार दारं होती. तो शब्द मला ऐकवत नाही, पण नीलेशला सांग, खेळात तो पाहिजेच. त्याच्याशिवाय हे गाव आपलं वाटत नाही."

रिव्ह्यू आला. खेळ देखणा आहे, समुद्र खराखुरा आहे, माणसं मात्र फार सोपं बोलतात, करणाऱ्यानं पुन्हा बसावं आणि घेणाऱ्यानं तोवर थांबावं, असं स्वच्छ लिहिलं होतं. कंपनीनं हात आखडता घेतला. त्यानंतर कितीतरी दिवस मी बसमध्ये मागच्या बाकावर बसत होते, आणि मॅडम शेजारची जागा पिशवी ठेवून राखत होत्या. ओटा आणि ओहोटीची गोष्ट मी नीलेशला सांगितली ती रागानंच सांगितली, या बाईचं डोकं कसं फिरलंय ते कळावं म्हणून. त्यानं सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाला, "त्या बरोबर आहेत." त्या क्षणी मला दोघांचाही राग आला.

त्यानं खेळ पुन्हा करायला घेतला. आता त्या बाईला तिसरं उत्तर देता यायचं, बघू. ते दाबलं की काहीच होत नाही. कुणी रागवत नाही, काही बिघडत नाही. आपण आपल्या कामाला लागतो, आणि येता-जाता ती बाई आपल्याच ओट्यावर बसलेली दिसते. मागे खाडीचं पाणी उतरत असतं.

खेळ पुरा झाला तेव्हा २०१९ उजाडलं होतं, आणि मॅडम गेल्या त्या त्याच वर्षी. आजार कळला तेव्हाच बराच पुढे गेला होता. कंपनी पुन्हा तयार झाली होती, पण दिवाळीच्या आत रिव्ह्यू हवा म्हणाली. कुणाचाही चालेल. पुण्याचा एक जण लिहायला तयारही होता. नीलेश हटून बसला. "मॅडमनी पुन्हा खेळून लिहायला हो म्हटलंय. त्या नाही म्हणेपर्यंत मी दुसऱ्या कुणाला देणार नाही." मी म्हटलं, अरे, दिवाळी तोंडावर आली. तो ऐकेना. शेवटी मीच मसोलीला गेले.

मॅडम खाटेवर उशांना टेकून होत्या. लॅपटॉप मांडीवर, हाताला सुईचे डाग. शेखर आत पेज गरम करत होता. मॅडम फार वाळल्या होत्या. मला बघून हसल्या. "त्या बाईपर्यंत पोचले. बघू दाबलं."

"मग?"

"बसलीय ती अजून. मलाच पुढे जाववत नाही. नीलेशला सांग, बरोबर केलंय."

"हे लिहा ना मॅडम, एवढंच लिहा."

"अर्ध्यावर कसं लिहू?" त्या दमल्या होत्या, बोलता बोलता डोळे मिटत होते. मी त्यांचा हात धरला. मला खेळाचं विचारायचं होतं, आणि खेळाचं विचारायचंच नव्हतं. "मॅडम, संपवाल ना? बऱ्या होऊन लिहाल ना?"

त्या कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. पाच वर्षांत मला तोंडावर नाही म्हणायला त्या कधी कचरल्या नव्हत्या.

"बघू," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले आणि त्यांच्या ओट्यावर बसून रडले. शेखर चहा घेऊन आला, तो मी घेतला नाही. चपला घातल्या आणि सरळ घरी आले.

नीलेश दारातच उभा होता. "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं. "पुण्याला पाठवून दे. आत्ताच पाठव."